घरी लागणाऱ्या महागड्या मशीनचा खर्च विम्यातून कसा मिळवावा: इंदूरच्या कुटुंबांसाठी

डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या, पण ऑक्सिजन चालू ठेवावा लागेल," आणि घरातलं कुणीतरी त्याच संध्याकाळी दवा बाजार गाठतं. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) घरी येतो, बिल कपाटात जातं, आणि मेडिक्लेमची आठवण आठवड्याभराने होते. पैसे बुडतात ते या उलट्या क्रमामुळे. विम्याचं काम मशीन घेण्याच्या आधी सुरू करायचं असतं, शक्य असेल तर रुग्ण वॉर्डात असतानाच. लागणारे निम्मे कागद तिथेच तयार होतात आणि डिस्चार्जनंतर ते मिळवताना फार दमछाक होते.

ज्यांच्या घरी ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बायपॅप आणि सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारी मशीन), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, मोटारीवर चालणारा पलंग, इन्फ्युजन पंप (शिरेतून औषध ठरावीक वेगाने सोडणारं यंत्र) अशा वस्तूंचा हिशेब इथे आहे. थर्मामीटर किंवा वाफेचं भांडं यांच्यासाठी एवढा खटाटोप करू नका.

कटू गोष्ट आधीच सांगतो. साध्या मेडिक्लेम पॉलिसी बहुधा घरी वापरायच्या मशीनचे पैसे देत नाहीत. शरीराच्या आत बसणारं उपकरण, म्हणजे पेसमेकर किंवा गुडघ्याचा सांधा, शस्त्रक्रियेचा भाग म्हणून मिळतं. शरीराबाहेर राहणारं आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारं उपकरण पुष्कळ पॉलिसींत स्पष्टपणे वगळलेलं असतं. तरीही मिळण्याच्या वाटा आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे हक्काचे पैसे सोडून देणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. विमा कंपनी वस्तूचे पैसे देत नसते, उपचाराचे देते. म्हणून रुग्णालयात सुरू झालेला उपचार या मशीनविना घरी चालू शकत नाही, हे तुमच्या प्रत्येक कागदातून दिसलं पाहिजे.

पहिली पायरी: पॉलिसी कोणती, ते ठरवा

आपल्याकडे एका घरात दोन-तीन प्रकारची संरक्षणं असतात आणि कुणालाच सगळी ठाऊक नसतात. आई-वडील सुदामानगरात, मुलगा पुण्यात आयटी कंपनीत, वडिलांची स्वतःची जुनी पॉलिसी, शिवाय मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांची नावं. असं असेल तर आधी ग्रुप पॉलिसी पाहा. तिच्या अटी कंपनी आणि विमा कंपनी आपसांत ठरवतात, त्यामुळे वैयक्तिक पॉलिसीत न मिळणाऱ्या काही गोष्टी तिथे मिळतात. शिवाय मोठ्या ग्रुप पॉलिसींमध्ये अनेकदा 'कॉर्पोरेट बफर' नावाची राखीव रक्कम असते आणि ती गंभीर आजारात एचआरच्या शिफारशीने वापरता येते. मुलाने एचआरला पाठवायच्या मेलमध्ये फक्त "क्लेम होईल का" एवढंच विचारू नये. घरी वापरायच्या उपकरणाबद्दल पॉलिसीत काय लिहिलं आहे आणि बफर आहे का, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

इंदूरच्या मराठी घरांत निवृत्त बँक कर्मचारी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय करारानंतर बँक कर्मचाऱ्यांसाठी जी गट विमा योजना आली आणि पुढे निवृत्तांनाही खुली झाली, तिच्या मूळ मसुद्यात सीपॅप, सीएपीडी (पोटातून घरी करायचं डायलिसिस), बायपॅप, इन्फ्युजन पंप यांचं भाडं देय धरलं होतं. अपवादात्मक परिस्थितीत, वैद्यकीय सल्ल्याने, पुढे घरी वापरण्यासाठी केलेली खरेदीही देय धरली होती. वॉकर, नेब्युलायझर, ग्लुकोमीटर, पाण्याची गादी अशा गोष्टींचाही त्यात उल्लेख होता. इतकं उदार कलम बाजारातल्या सर्वसाधारण पॉलिसीत सापडणं कठीण. मात्र ही योजना दर वर्षी नव्याने होते आणि अटी बदलू शकतात, तेव्हा चालू वर्षाची प्रत बँकेकडून किंवा निवृत्तांच्या संघटनेकडून मागून घ्या आणि त्यातलं कलम स्वतः वाचा. शेजारच्या काकांना तीन वर्षांपूर्वी मिळालं होतं, एवढ्या भरवशावर राहू नका.

केंद्र सरकारच्या सेवेतले आणि निवृत्त लोक सीजीएचएसमध्ये (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत) असतील, तर सीपॅप, बायपॅप आणि कॉन्सन्ट्रेटर यांची ठरावीक मर्यादेपर्यंत प्रतिपूर्ती होते. तिथे पूर्वपरवानगी हाच सारा खेळ आहे. आधी तज्ज्ञाची शिफारस, मग वेलनेस सेंटरमार्फत, म्हणजे योजनेच्या दवाखान्यामार्फत, अर्ज, परवानगी हातात आल्यावर खरेदी. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेले कामगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) छत्राखाली येतात. त्यांनी खाजगी विम्याच्या मागे न लागता नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयातच विचारावं.

आयुष्मान कार्डाबद्दल गैरसमज फार आहे. वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता, असं ते संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरच्या मशीनसाठी त्यावर विसंबू नका.

दुसरी पायरी: पॉलिसीची पूर्ण प्रत उघडा

कार्ड किंवा प्रीमियमची पावती म्हणजे पॉलिसी नव्हे. तुम्हाला हवी आहे चाळीस-पन्नास पानांची 'पॉलिसी वर्डिंग' आणि तिच्यासोबतचं 'कस्टमर इन्फर्मेशन शीट'. हे शीट सोप्या भाषेत देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि ते तुमच्याकडे नसेल तर मेलवर मागता येतं. पीडीएफ मोबाईलवर उघडून चार शब्द शोधा: ड्युरेबल, ऑक्सिजन, डोमिसिलियरी, होम केअर. शोधताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.

'ड्युरेबल' शोधल्यावर दोनपैकी एक दिसेल. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'एक्स्टर्नल ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट' असं लिहून पुढे सीपॅप, कॉन्सन्ट्रेटर वगैरे नावं दिली असतील, तर त्या पॉलिसीतून खरेदीचे पैसे मिळण्याची आशा जवळपास नाही. दुसरी शक्यता अशी की फायद्यांच्या यादीतच उपकरणांसाठी वेगळी रक्कम दिलेली असेल. काही नव्या पॉलिसींत असा फायदा मूळ संरक्षणात असतो किंवा जादा प्रीमियम देऊन घेता येतो. तसा असेल तर त्याचा वेगळा वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर फायदा मिळेपर्यंत थांबायचा काळ) आहे का, आणि कोणती उपकरणं नावानिशी दिली आहेत, हे बघा. यादीत बायपॅप आहे आणि कॉन्सन्ट्रेटर नाही, असंही असू शकतं.

'डोमिसिलियरी' म्हणजे घरीच रुग्णालयासारखा उपचार. रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही, किंवा रुग्णालयात खाट मिळत नाही, आणि उपचार तीन दिवसांपेक्षा जास्त चालतो, अशी साधारण अट असते. इथे एक खाच आहे: जुन्या धाटणीच्या पॉलिसींत या कलमातून दमा आणि ब्राँकायटिस वगळलेले असतात. म्हणजे ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो, नेमके तेच बाहेर. कलम दिसलं म्हणून खूश होण्याआधी त्याच्या खालची आजारांची यादी वाचा.

'होम केअर' याहून वेगळं. दाखल करण्यासारखा आजार आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी उपचार करता येतो, अशा वेळी ते लागू होतं. २०२० मध्ये आलेल्या कोरोना कवच पॉलिसीत घरच्या उपचाराला १४ दिवसांपर्यंत संरक्षण होतं आणि त्यात पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर यांचा खर्च धरला होता. त्यानंतर बऱ्याच पॉलिसींत होम केअरचं कलम आलं. यात उपकरणाचं भाडं बसण्याची शक्यता खरेदीपेक्षा जास्त असते, आणि बहुतेक ठिकाणी आधी मंजुरी लागते.

आणखी एक यादी बघावी लागेल. इर्डाने, म्हणजे देशाच्या विमा नियामकाने, २०१९ मध्ये वगळण्याच्या अटी एकसारख्या केल्या, तेव्हापासून न मिळणाऱ्या किंवा दुसऱ्या खर्चात मिसळायच्या वस्तूंच्या चार याद्या पॉलिसीच्या शेवटी छापलेल्या असतात. पहिल्या यादीत ६८ वस्तू आहेत आणि त्यात रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, चालण्याची साधनं, हवेची किंवा पाण्याची गादी हे सगळं येतं. बायपॅप आणि सीपॅप मात्र चौथ्या यादीत आहेत: रुग्णालयात वापरलं तर त्याचा खर्च उपचाराच्या खर्चातच धरायचा, असा त्याचा अर्थ. ती नोंद रुग्णालयातल्या वापराबद्दलची आहे. "यादीत बायपॅपचं नाव आहे, म्हणून घरचं मशीन मिळत नाही," असं टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर कुणी सांगितलं, तर कोणती यादी आणि कोणतं कलम, हे शांतपणे विचारा.

'कंझ्युमेबल्स कव्हर' किंवा तशा नावाचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घेतलेला असेल, तर पहिल्या यादीतल्या वस्तू मिळू शकतात. पण बहुधा रुग्णालयात असतानाच्याच. घरच्या वस्तूंसाठी त्याच्या भरवशावर खरेदी करू नका.

शेवटी डिस्चार्जनंतरच्या खर्चाचं कलम. साठ दिवस ही नेहमीची मुदत, काही पॉलिसींत त्याहून जास्त. औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी यात मिळते. मशीन वगळलेलं नसेल आणि त्याच आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर निदान या मुदतीतलं भाडं मागायला हरकत नाही. कलम संदिग्ध असेल तर अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावावा, हे विमा कायद्यातलं मानलेलं तत्त्व आहे. मात्र कलमात साफ 'नाही' लिहिलं असेल, तर या तत्त्वाचा उपयोग होत नाही.

तिसरी पायरी: डॉक्टरांचं पत्र

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "रुग्णास घरी बायपॅपचा सल्ला देण्यात येत आहे," एवढ्या एका ओळीवर क्लेम उभा राहत नाही. विम्याच्या भाषेत 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' उपचाराची व्याख्या ठरलेली आहे आणि ती तुमच्या पॉलिसीतही छापलेली असते: तो आजाराच्या उपचारासाठी लागतो, गरजेपेक्षा जास्त नाही, डॉक्टरांनी लिहून दिला आहे, आणि वैद्यकशास्त्रात सर्वमान्य पद्धतीला धरून आहे. पत्र या चारही गोष्टींना उत्तर देणारं हवं, आणि ती उत्तरं आकड्यांत हवीत.

ऑक्सिजनचंच बघू. फुप्फुसाच्या जुनाट आजारात घरी दीर्घकाळ ऑक्सिजन द्यायचा की नाही, याचे सर्वमान्य निकष आहेत. रुग्ण स्थिर असताना, बाहेरून ऑक्सिजन न देता, साध्या हवेवर धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, अथवा सॅच्युरेशन ८८ टक्के किंवा त्याहून कमी. दाब ५५ ते ६० च्या मध्ये असेल, पण हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला असेल किंवा रक्त घट्ट झालं असेल, तरीही ऑक्सिजन देतात. आणि तो दिवसातून निदान १५ तास घ्यायचा असतो. म्हणजे पत्रात साध्या हवेवरचं सॅच्युरेशन, एबीजीचा (धमनीच्या रक्ताच्या तपासणीचा) आकडा आणि तारीख, मिनिटाला किती लिटर, दिवसाला किती तास, किती महिने, हे सगळं यायला हवं. रुग्ण ऑक्सिजनवर असतानाचं ९६ टक्के सॅच्युरेशन डिस्चार्ज समरीत लिहिलेलं असतं आणि साध्या हवेवरचं कुठेच नसतं. विमा कंपनीचा डॉक्टर ती समरी वाचून म्हणतो, सॅच्युरेशन तर उत्तम आहे. म्हणून डिस्चार्जच्या आधी साध्या हवेवरची नोंद करून घेण्याची विनंती करा. ती कधी आणि कशी घ्यायची, हे अर्थात डॉक्टरच ठरवतील. तुम्ही स्वतः नळी काढू नका.

बायपॅपसाठी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा महत्त्वाचा. साधारण ३५ ते ४५ ही सामान्य पातळी. ती चढलेली असेल, तर आधी किती होती, बायपॅप लावल्यावर किती झाली आणि मशीन काढल्यावर पुन्हा किती चढली, असा क्रम पत्रात असला की वाद उरत नाही. मशीनचं सेटिंगही लिहून घ्या.

सीपॅपच्या बाबतीत स्लीप स्टडीचा (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचा) रिपोर्ट लागतो. तासाला श्वास किती वेळा अडतो, हा त्यातला मुख्य आकडा; तो १५ किंवा जास्त असेल, अथवा ५ पेक्षा जास्त असून त्रासाची लक्षणं असतील, तर उपचाराची गरज मानली जाते. लक्षात ठेवा, केवळ तपासणीसाठी दाखल होणं पॉलिसीतून वगळलेलं असतं, म्हणून स्लीप स्टडीचा खर्च बहुधा खिशातून जाईल.

पत्रात एक वाक्य आवर्जून मागा: हे उपकरण न मिळाल्यास रुग्णाला पुन्हा दाखल करावं लागण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना ते खरं वाटत असेल तरच ते लिहितील, आणि तसंच असायला हवं. सही, नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख बघून घ्या. तारीख खरेदीच्या आधीची हवी. डॉक्टरांना सकाळच्या राउंडला गाठलं, तर घाईत चार शब्द मिळतात. आकडे एका कागदावर आपणच मांडून ओपीडी संपल्यावर भेटलात, तर पत्र नीट मिळतं.

आणि इथेच तुम्हाला कुणीतरी 'सोपा उपाय' सांगेल: दोन दिवस भरती दाखवा, मशीन औषधांच्या बिलात घालून देतो. ऐकू नका. ही फसवणूक आहे. पकडली गेली तर क्लेम तर जातोच, पण पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि म्हातारपणी नवी पॉलिसी मिळणं कठीण असतं.

चौथी पायरी: खरेदीआधी लेखी विचारा

टोल फ्री क्रमांकावर "हो साहब, हो जाएगा" असं सांगितलं जातं. त्याचा पुढे उपयोग शून्य. मेलच करा, विमा कंपनी आणि टीपीए दोघांनाही, इंग्रजीत किंवा हिंदीत. मजकूर असा असावा:

"पॉलिसी क्रमांक अमुक. रुग्ण अमुक, वय अमुक, अमुक तारखेपासून अमुक रुग्णालयात दाखल. तज्ज्ञांनी डिस्चार्जनंतर घरी बायपॅप वापरण्यास सांगितले आहे, त्यांचे पत्र आणि तपासण्या जोडल्या आहेत. पॉलिसीच्या अमुक कलमाखाली हा खर्च देय आहे का, मर्यादा किती, भाडे चालेल की खरेदी, आणि कोणती कागदपत्रे लागतील, हे कलमाच्या उल्लेखासह लेखी कळवावे."

उत्तर यायला वेळ लागतो आणि रुग्णाचा श्वास तोवर थांबू शकत नाही. म्हणून मशीन आधी भाड्याने घ्या. इंदूरमध्ये कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप अनामत ठेवून महिन्याच्या भाड्याने मिळतात. भाड्याचे आणखी दोन फायदे आहेत. महिन्याभराने रुग्ण सुधारला तर मोठी खरेदी वाचते. आणि मशीन रुग्णाला सोसतं का, मास्क बसतो का, हे कळतं. बायपॅप घेऊन तो कोपऱ्यात पडून राहणं काही दुर्मिळ नाही. क्लेमच्या उत्तराची वाट बघत उपचार मात्र एक दिवसही पुढे ढकलू नका.

पाचवी पायरी: बिल आणि फाईल

बिल पक्कं, जीएसटीचं, रुग्णाच्या नावाचं. मुलाने पैसे भरले तरी बिल मुलाच्या नावाचं नको. त्यावर मशीनचं नाव, मॉडेल आणि सिरीयल क्रमांक हवा. मास्क, नळ्या, ह्युमिडिफायर, फिल्टर वेगळ्या ओळींत लिहून घ्या, म्हणजे एखादी वस्तू कापली गेली तरी सगळं बिल अडकत नाही. पैसे रोख देऊ नका. भाड्याचं असेल तर दर महिन्याचं वेगळं बिल, अनामत रक्कम वेगळी दाखवलेली.

आपल्या लोकांच्या नावांचा घोळ इथे हमखास होतो. आधारवर लग्नानंतरचं नाव, बँकेत माहेरचं. पॉलिसीत 'राव' किंवा 'बाई' जोडलेलं, रुग्णालयात ते गाळलेलं. 'ळ' असलेलं आडनाव इथल्या हिंदी कागदांवर 'ल' होऊन येतं आणि इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. दाखल करतानाच पॉलिसीवर जसं नाव आहे तसंच लिहायला सांगा. डिस्चार्जच्या दिवशी ते बदलून घेणं म्हणजे अर्धा दिवस.

फाईलमध्ये हे कागद लावा: क्लेम फॉर्मचा भाग अ तुम्ही भरलेला, भाग ब रुग्णालयाने भरलेला, डिस्चार्ज समरी, डॉक्टरांचं पत्र, एबीजी, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) किंवा स्लीप स्टडीचे रिपोर्ट, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा, कंपनीशी झालेला मेलव्यवहार, रद्द केलेला चेक, ओळखपत्र. मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा आणि देताना पोच घ्या. डिस्चार्जनंतरच्या खर्चाची फाईल देण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते, बहुधा ठरावीक कालावधी संपल्यापासून पंधरा दिवस. उशीर झालाच तर कारण लिहून द्या. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे.

लहान रकमेचा क्लेम करण्याआधी एक हिशेब करा. क्लेम न केल्याबद्दल मिळणारा बोनस दर वर्षी विम्याची रक्कम वाढवतो. चार-पाच हजारांच्या भाड्यासाठी तो कमी होणार असेल, तर मी क्लेम करू नका असंच सांगेन. पन्नास हजारांच्या वर असेल तर जरूर करा.

नाही म्हणाले तर

नकार फोनवर आला असेल तर तो नकार धरू नका, लेखी मागा. २०२४ च्या नियमांनुसार क्लेम पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीच्या नेमक्या अटीचा उल्लेख करणं कंपनीला भाग आहे, आणि नकाराचा निर्णय कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. पत्रात समितीचा उल्लेख नसेल तर तोच पहिला प्रश्न विचारा.

कारण 'आधीपासूनचा आजार' असेल तर तारखा काढा. १ एप्रिल २०२४ पासून या आजारांचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, क्लेम नाकारता येत नाही. कारण 'गरज सिद्ध होत नाही' असेल, तर डॉक्टरांकडून आकड्यांसह दुसरं पत्र घ्या. बरेच नकार या एका कागदाने फिरतात.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, आणि सोबत इर्डाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर नोंद. १५५२५५ या क्रमांकावरूनही ती करता येते. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी लोकपालांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील चालत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीचे वादही तिथे चालतात. निकाल तुमच्या बाजूने लागला, तर कंपनीने तो ३० दिवसांत पाळायचा असतो.

सुनावणीत भावना मांडायला मिळतात, पण निर्णय कागदावर होतो. कलम, डॉक्टरांचा आकडा आणि तारखा अशी एक पानाची टिपणी करून ठेवा. वडिलांना बोलायला त्रास होत असेल तर घरच्या कुणाला प्रतिनिधी म्हणून बोलू देण्याची विनंती आधीच करा. लोकपालांचा निर्णय पटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

विम्यातून मिळणारच नसेल तर

कलमात स्पष्ट नकार असेल, तर भांडणात शक्ती घालवू नका. व्हीलचेअर, वॉकर, कानाचं यंत्र अशा गोष्टींसाठी कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजना आहे आणि दिव्यांगांना एडिप ही सरकारी योजना. दोन्हींची साधनं एलिम्को या सरकारी कंपनीमार्फत येतात. शहरातल्या कित्येक सामाजिक संस्था पलंग, कॉन्सन्ट्रेटर अनामत घेऊन वापरायला देतात. रामबाग-नारायणबागेकडच्या जुन्या मराठी मंडळींकडे चौकशी केली, तरी पत्ता लागतो. वापरून ठेवलेलं मशीन घेत असाल, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता मोजून घ्या. ती साधारण ९० टक्क्यांच्या वर हवी.

विजेचा खर्च कुणीच देत नाही, तो आधी धरा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॉटच्या आसपास वीज घेतो. दिवसाला १५ तास म्हणजे पाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. पावसाळ्यात वीज जाते तेव्हासाठी इन्व्हर्टर तेवढा भार पेलतो का ते तपासा, आणि एक छोटा सिलिंडर घरी भरून ठेवा.

पॉलिसी बदलायचा विचार असेल, तर नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा) अर्ज करा, म्हणजे पूर्ण झालेला वेटिंग पिरियड सोबत येतो. नव्या कंपनीला आजार, मशीन, धूम्रपान सगळं खरं सांगा. ती नकार देऊ शकते, म्हणून लेखी होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. जुनी कंपनी मात्र तुम्ही क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारू शकत नाही, किंवा तुमच्या एकट्याच्या क्लेमवरून प्रीमियम वाढवू शकत नाही. वार्षिक प्रीमियम चुकला तर ३० दिवसांची सवलत मिळते, पण एकरकमी वार्षिक प्रीमियम असेल तर त्या मधल्या दिवसांत आलेला आजार संरक्षणात नसतो. ज्या घरात कुणी ऑक्सिजनवर आहे, तिथे प्रीमियम तारखेच्या आधीच भरलेला बरा.